साटम सरांची नळी

दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर चिंतामणी साटम सरांचा पहिला तास ठरलेला असायचा. फळ्यावर ठळक अक्षरांत ‘जलबुरशी’ लिहायचं, पोरांना ते वहीत उतरवून घेऊ द्यायचं, आणि शेवटच्या बाकावरचं पेन खाली गेलं की ‘बुरशी’वर खडूची काट मारायची. "ही बुरशी नाही," सर म्हणायचे. "आम्ही शिकलो तेव्हा होती. आता नाही." पोरं वैतागून वहीत खाडाखोड करायची आणि सर खूश होऊन हात झटकायचे.

मग ते हिची कुळी सांगायला लागायचे. पांढरे तंतू, कुजक्या-ओल्या जागी राहणं, दिसायला सगळं बुरशीसारखंच. पण खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची आणि हिची सेल्युलोजची. हिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, एक पुढं पिसांची, एक मागं गुळगुळीत. नात्यागोत्याचा शोध घेतला तर नातं निघतं वरळीच्या खडकांवर ओहोटीला दिसणाऱ्या तपकिरी शेवाळाशी. "आळंबी हिची कुणीही लागत नाही," सर म्हणायचे. "नुसतं आडनाव सारखं." याच घरातली पिथियम कोवळी रोपं बुंध्याशी कुजवून आडवी पाडते. याच घरात द्राक्षावरचा केवडा आणि मोहरीवरचा पांढरा तांबेरा. आणि घरातली सगळ्यांत कर्तबगार ती फायटोफ्थोरा, जिनं आयर्लंडचे बटाटे शेतातच कुजवले आणि देश उपाशी ठेवला. हे शेवटचं सांगताना सरांचा आवाज असा काही फुलायचा की बटाटे त्यांनीच कुजवले असावेत.

त्या फुलण्याला घरचं कारण होतं. सरांचे वडील परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आता त्या जागी काचेची इमारत आहे आणि कॉलेजच्या जिन्यातून तिचे वरचे मजले दिसतात. करी रोडच्या चाळीतली खोली सरांनी सोडली नाही, आणि गावाकडे, बांद्याजवळ, चुलत्यांची पोफळीची बाग होती तीही सुटली नाही. एका श्रावणात सर गावी गेले तेव्हा बागेला कोळेरोग लागलेला. हिरवी सुपारी पांढरी लव धरून गळत होती, चुलते पायरीवर डोकं धरून बसले होते, आणि त्यांचा हा शिकलेला पुतण्या पोफळीखाली वाकून कुजकी सुपारी जेवणाच्या डब्यात भरत होता. चुलत्यांनी पुढं बरीच वर्षं त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. बायकोनं, सुभद्रानं, तो डबा पुन्हा कधी स्वयंपाकघरात घेतला नाही.

त्या सुपारीतून सरांनी लॅबमध्ये फायटोफ्थोरा वेगळी काढली. काचेच्या नळीत गाजराच्या रसाचा अगार, जेलीसारखा थर, तिरपा थिजवायचा, त्यावर तिचा कण ठेवायचा, कापसाचा बोळा लावायचा. नळीवर चिठ्ठी, ‘बांदा’. थर सुकायला आला की जुन्या नळीतून नव्या नळीत. असं करत करत सरांनी ती इतकी वर्षं जगवली की विभागात मुख्य बदलले, खुर्च्या बदलल्या, अभ्यासक्रम बदलला, पण बांदा होती तिथंच राहिली, लाकडी कपाटातल्या खालच्या खणात. खणाला कुलूप होतं. कुणी तिचा कण मागितला तर सर दुखणेकऱ्याबद्दल बोलावं तसे म्हणायचे, "सध्या जरा अशक्त आहे." ती कुणालाच मिळाली नाही. शहरात फायटोफ्थोरा म्हटलं की साटम सर, एवढीच काय ती सरांची मिळकत होती, आणि मिळकत वाटून टाकायची माणसाला सवय नसते.

तिचा एक खेळ ते दर वर्षी दाखवायचे. तंतूंच्या टोकाला लिंबाच्या आकाराच्या बारीक पिशव्या धरल्या की त्यांवर गार पाणी घालायचं, थोडा वेळ गारव्यात ठेवायचं, मग बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरायचं. पिशवीचं टोक उघडतं आणि आतले बीजाणू भराभर बाहेर पडून पोहायला लागतात. याच वाटेनं एका सुपारीवरचा रोग पावसाच्या पाण्यातून शेजारच्या झाडावर जातो. "थंडी वाजली की पोरं घराबाहेर," सर म्हणायचे. "पण लक्षात ठेवा, घटकाभर गारवा तिला चालतो. मुक्काम गारठ्यात पडला की मरते." लॅबच्या फ्रिजवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिकटवलं होतं, ‘फायटोफ्थोरा आत ठेवू नये.’

दुसरा खेळ मात्र त्यांना कधीच दाखवता आला नव्हता. पोहणारी पोरं एकटीची असतात, त्यांना जोडीदार लागत नाही. पण हवा बिघडली, खायला संपलं की ही जात जाड भिंतीचे गोल ऊस्पोअर धरते, जे मातीत वर्षानुवर्षं दम धरून राहतात. त्यासाठी दोन गट एकत्र यावे लागतात, ए-वन आणि ए-टू. नर-मादी असा हिशोब नाही. दोघंही दोन्ही होऊ शकतात, पण समोर दुसऱ्या गटाचं कुणी असल्याशिवाय यांतलं कुणीच जागं होत नाही. बांदा एकटी होती. सरांनी रत्नागिरीकडून, गुहागरकडून कुजक्या सुपाऱ्या मागवल्या, त्यांतल्या फायटोफ्थोरा बांद्याशेजारी लावून पाहिल्या. काही झालं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच निर्णय दिला की कोकणात एकच गट आहे, दुसरा नाहीच, आणि दर वर्षी मुलांना विकत आणलेली एक पिवळी पडलेली स्लाइड दाखवत राहिले. जिवंत ऊस्पोअर त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. निवृत्ती तोंडावर आली होती आणि एवढं एकच त्यांच्या मनात राहिलं होतं.

तेवढ्यात स्पृहा आली.

ती त्यांचीच विद्यार्थिनी. गिरगावातली मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, वहीत ‘बुरशी’वर पट्टीनं काट मारणारी. पुढं तिनं जलबुरशीवरच डॉक्टरेट केली आणि त्याच कॉलेजात नोकरीला लागली. पहिल्या दिवशी लॅबमध्ये येऊन सरांना वाकून नमस्कार केला. सरांना बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

स्पृहानं मायक्रोस्कोपवर मोबाइल बसवला आणि पिशवीतून बीजाणू बाहेर पडतानाचा व्हिडिओ केला. पोरांनी तो एकमेकांना पाठवला, त्यांच्या घरच्यांनी पाहिला, प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर लावला. खाली स्पृहानं लिहिलं होतं, ‘थंडी वाजली की पोरं घराबाहेर — आमच्या साटम सरांचं वाक्य.’ तिनं वाक्य चोरलं असतं तर सरांना रागावता तरी आलं असतं. नाव घातल्यामुळं तीही सोय राहिली नाही. ते तो व्हिडिओ जिन्यात उभं राहून परत परत बघत होते. फोकस त्यांच्यापेक्षा चांगला होता.

पुढं बारीकसारीक गोष्टी खुपायला लागल्या. लॅबचा शिपाई दौलत आधी तिच्या टेबलावर चहा ठेवायचा. पोरं शंका घेऊन तिच्याकडे जायची. पूर्वी ‘जलबुरशीवाले सर’ म्हणायची ती आता नुसतं ‘साटम सर’ म्हणायला लागली. यात कुणाचा गुन्हा नव्हता. पण मत्सराला गुन्हा कुठं लागतो? सर तिच्या टेबलाजवळून जाताना मान वळवायचे नाहीत आणि डोळे मात्र तिथंच असायचे.

कळस झाला तो श्रीवर्धनचा. स्पृहाची मावशी श्रीवर्धनला राहते. तिच्या बागेतली कुजकी सुपारी आणून स्पृहानं स्वतःची फायटोफ्थोरा वेगळी काढली आणि अगार भरलेल्या चपट्या, झाकणाच्या प्लेटमध्ये वाढवली. ती वाढली तीही काय वाढली. मधोमध कणापासून पाकळ्या फुटाव्यात तसा गोल, रेखीव, पांढराशुभ्र चट्टा. सरांची बांदा प्लेटमध्ये लावली की कापूस विस्कटल्यासारखी पसरायची. पोरं श्रीवर्धनच्या प्लेटा उजेडाला धरून बघायची. "मॅडम, कसली भारी डिझाइन आहे."

त्याच आठवड्यात स्पृहा सरांच्या टेबलाशी आली. "सर, एक विचारू? तुमची बांदा आणि माझी श्रीवर्धन एका प्लेटमध्ये लावून बघू या?"

"कशाला?"

"ऊस्पोअर झाले तर झाले. ट्राय करायला काय जातं?"

"काही होणार नाही. कोकणात एकच गट आहे. गाजर फुकट जाईल."

"गाजरं मी आणते ना, सर."

"गाजराचा प्रश्न नाही," सर म्हणाले आणि समोरची स्लाइड पुसायला लागले. ती आधीच स्वच्छ होती.

"बांदा अशक्त आहे का सध्या?" स्पृहानं विचारलं. यात टोमणा होता की नव्हता, हे सरांना घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. काही झालं नाही तर ठीकच. पण झालं तर? इतक्या वर्षांत त्यांना जे दिसलं नाही ते पोरीच्या पहिल्याच प्लेटमध्ये दिसलं, असं जग म्हणणार होतं.

विभागाचं प्रदर्शन जवळ आलं. शाळांची मुलं येणार होती, आणि कृषी विद्यापीठातून वनस्पतीरोगांच्या तज्ज्ञ सरोजिनी देवस्थळी मॅडम येणार होत्या. टेबलांची वाटणी झाली. मधलं टेबल स्पृहाला, श्रीवर्धनच्या प्लेटांसाठी. सरांना खिडकीजवळचं, पिवळ्या स्लाइडसाठी. वाटणी करणाऱ्यानं खिडकीपाशी उजेड छान असतो असं समजावून सांगितलं. सर ‘हो हो’ म्हणाले.

त्या दिवशी घरी ते नुसता भात चिवडत होते. "खंय लक्ष असा तुमचा? भात थंड झालो," सुभद्रा म्हणाली.

"काही नाही."

"त्या चेडवान काय केल्यान आता?"

सुभद्रानं आमटी वाढली. "तिका तुमीच शिकवलास ना? मगे ता बरा शिकला तर तुमच्या पोटात कित्या दुखता?"

सर ताटावरून उठले. पोटात दुखत होतं हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली गेले होते. स्पृहानं सकाळीच प्रदर्शनासाठी ताज्या प्लेटा लावल्या होत्या, प्रत्येकीत मधोमध श्रीवर्धनचा कण. ही जात अंधारात चांगली वाढते, म्हणून प्लेटा कपाटात काळ्या कागदाखाली होत्या. सर कपाटासमोर उभे राहिले. काळी बुरशी नाहीतर भाकरीवरची बुरशी टाकली असती तर दुसऱ्याच दिवशी कुणीही ओळखलं असतं, आणि तसलं काही दुसऱ्याच्या प्लेटमध्ये घालणं सरांच्या हाताला जमलंही नसतं. त्यांना एवढंच हवं होतं की तो चट्टा मोडावा. पाकळ्यांच्या एका बाजूनं विस्कटलेला कापूस घुसावा, पाहुण्यांसमोर ती डिझाइन वाकडी दिसावी, आणि कुणाला काही कळू नये. बांदा आणि श्रीवर्धन एकाच जातीच्या. बघणारा म्हणाला असता, वाढ कमजोर आहे. ऊस्पोअरचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही, कारण कोकणात एकच गट होता.

त्यांनी कुलूप उघडलं. बांद्याच्या दोन नळ्या असायच्या, पण एक त्याच आठवड्यात पोरांच्या प्रात्यक्षिकाला संपली होती आणि नवी भरायची राहिली होती. उरलेली काढली. बर्नर पेटवला, सुई लाल केली, गार होऊ दिली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते चोरीसुद्धा नियमाप्रमाणे करत होते. मधल्या प्लेटचं झाकण किंचित उचललं आणि अगदी कडेला बांद्याचा कण ठेवला. दुसऱ्या प्लेटला हात घालणार तोच जिन्यावर पावलं वाजली.

दौलत किटली घेऊन येत होता. सरांनी प्लेट कागदाखाली सरकवली, कपाट लावलं, आणि हातात नळी तशीच राहिली. समोर फ्रिज होता. त्यांनी दार उघडून नळी डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीमागं ठेवली आणि दार लावलं.

"सर, चहा. जेवलात का?"

"जेवलो," सर म्हणाले. ते जेवले नव्हते.

पुढं प्रदर्शन होईपर्यंत ते त्या कोपऱ्याकडे फिरकलेच नाहीत. फ्रिजकडे नाही, कपाटाकडे नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून त्या पोरीचा आणखी राग येत होता. तिच्यामुळंच ही वेळ आली, असं त्यांनी स्वतःला पटवलं. खोटं नीट पटवायला वेळ लागतो, त्यात दिवस गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी स्पृहा सगळ्यांच्या आधी आली होती. सर पोचले तेव्हा ती मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. शेजारी ती मधली प्लेट. चट्टा मोडला होता. अर्धा गोल पाकळ्यांचा, अर्धा विस्कटलेला, मधून एक पुसट रेघ. सरांना धास्ती वाटली, आणि त्या धास्तीत थोडं समाधानही होतं.

"सर," स्पृहा डोळे न काढता म्हणाली. "लवकर या. कुणाला अजून दाखवलं नाहीये."

ती बाजूला झाली. सर वाकले.

आधी नुसतं तंतूंचं जाळं दिसलं. मग त्यांनी फोकस किंचित फिरवला. सोनेरी. जाड भिंतीचे, गोल, मधासारख्या रंगाचे गोळे, एक नाही, रेघेभर. प्रत्येक गोळ्याच्या तळाशी कॉलरसारखा दुसऱ्याचा भाग धरलेला, पुस्तकात असतो अगदी तसा. पिवळ्या स्लाइडमधले मेलेले होते. हे जिवंत होते. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गोळे धूसर झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं, न जाणो गेले असतील म्हणून.

त्या पाण्यातच त्यांना सगळं कळलं. बांदा एका गटाची, श्रीवर्धन दुसऱ्या. कोकणात दोन्ही होते. इतकी वर्षं वर्गात सांगितलेलं चूक होतं. पोरीनं मागितलं तेव्हा हो म्हटलं असतं तर हे दोघांनी मिळून पाहिलं असतं. आता ते एका प्लेटमध्ये होतं आणि प्लेटवर नाव होतं स्पृहाचं.

"आहेत ना, सर? खरे आहेत ना?"

"आहेत," सर म्हणाले.

"पण या एकाच प्लेटमध्ये. बाकीच्यांत काहीच नाही. मला कळतच नाहीये."

सरांनी सांगितलं नाही. ते खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. मनाशी म्हणाले, सांगू दे तिला जगाला. उद्या कुणी तपासेल, श्रीवर्धन एकटीला काही होत नाही असं निघेल, आणि मग बघू मोबाइलवर काय लिहिते ते. हा विचार गोड होता. शाळेतली मुलं येऊन त्यांची पिवळी स्लाइड बघून जात होती, आणि सर तो विचार चघळत बसले होते.

दुपारी देवस्थळी मॅडम आल्या. मायक्रोस्कोपवरून त्या उठायलाच तयार नव्हत्या. मागं प्राचार्य, स्टाफ, पोरं. स्पृहानं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, एकच फायटोफ्थोरा लावली होती, दुसरी काही नाही.

"मग ही स्वतःशीच फलित होणारी निघाली," मॅडम म्हणाल्या. "क्वचित होतं असं. नीट तपासून घे आणि लिहून काढ. तुझ्या नावावर जाईल. एकटीची आहे ही, कुणाचा हात नाही यात."

खिडकीजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एकटीची नाही," साटम सर म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. सरांचे कान लाल झाले होते. त्यांना गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते तर पोरीचं हसं झालं असतं आणि त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. पण ‘कुणाचा हात नाही’ हे त्यांच्यानं गिळवेना. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि लोक त्याला एकट्या आईचं म्हणत होते.

"माझी आहे त्यात. बांदा. कडेला बघा, वाढ वेगळी दिसेल."

स्पृहानं प्लेट उजेडाला धरली. मग सरांकडे बघितलं. "केव्हा घातलीत?"

"तू लावल्यास त्या दिवशी. दुपारी."

"मला का नाही सांगितलंत?"

दौलत दारात ट्रे घेऊन उभा होता.

"सांगून कसं घालणार?" सर म्हणाले. "तुझा चट्टा मोडायचा होता."

प्राचार्यांना एकदम पलीकडच्या टेबलावरचं कॅक्टस फार आवडलं. मॅडमनी एकदा सरांकडे आणि एकदा स्पृहाकडे बघितलं, पर्स उचलली आणि त्यांच्यामागून गेल्या. पोरंही पांगली. संध्याकाळपर्यंत स्पृहा आलेल्या प्रत्येक मुलाला पोहणारे बीजाणू दाखवत राहिली. ऊस्पोअरची प्लेट तिनं उलटी करून बाजूला ठेवली होती.

सगळे गेल्यावर ती सरांच्या टेबलाशी आली. आवाज शांत होता, तो चढला असता तर सरांना सोपं गेलं असतं. "ही प्लेट मला वापरता येणार नाही, सर. त्यात बांदा मी लावलेली नाही, तुम्ही सांगून लावलेली नाही. ऑटोक्लेव्हच्या वाफेत टाकून मारते. उद्या दोघांसमोर परत लावू. तुमची नळी द्या."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. सरांनी किल्ली काढली, खण उघडला. खण रिकामा होता. ते रिकाम्या खणाकडे बघत राहिले आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. ते उठून फ्रिजपाशी गेले. दारावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पाण्याच्या बाटलीमागं नळी होती, थंडगार. बाहेर काढताच काचेवर दव धरलं.

"फ्रिजमध्ये?" स्पृहा म्हणाली. "सर, तुम्ही?"

"दौलत आला होता."

त्यांनी त्याच वेळी तिच्यातला कण ताज्या अगारावर लावला. वाट बघायला हवी होती, पण तंतूंचा रंग बघूनच दोघांना कळलं होतं. दुसरी नळी नव्हती. त्यांनी कुणालाच कधी दिली नसल्यामुळं मागायची कुणाकडे, हाही प्रश्न नव्हता. बांद्याची बागही चुलत्यांच्या मुलांनी तोडून काजू लावला होता.

स्पृहानं ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं आणि प्लेट उचलली.

"ती टाकू नकोस," सर म्हणाले.

ती थांबली.

"माझी आता तिथंच आहे. तुझ्या प्लेटमध्ये. दुसरीकडे कुठं नाही." आणि मग जे त्यांनी कुणालाही कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "थोडी दे मला."

स्पृहानं ऑटोक्लेव्हचं झाकण परत लावलं. तिला राग होता आणि तो तिनं लपवला नाही. "मी मागितली तेव्हा अशक्त होती," ती म्हणाली. मग तिनं बर्नर पेटवला, सुई लाल केली, आणि रेघेपासून लांब, अगदी कडेला, जिथं फक्त विस्कटलेला कापूस होता तिथून दोन कण उचलले. दोन नळ्या भरल्या. दोन्हींवर लिहिलं, ‘बांदा’. एक सरांच्या हातात दिली. दुसरी स्वतःच्या खणात ठेवली. तिच्या खणाला कुलूप नव्हतं.

फ्रिजमधली उगवली नाही. नवीन नळ्यांतली मात्र उगवली, शुद्ध निघाली, आणि मग रीतसर, दोघांसमोर, बांदा आणि श्रीवर्धन एका प्लेटमध्ये समोरासमोर लावल्या. झाकणावर स्पृहानं मधून रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना दोघांची नावं घातली. त्या रेघेखाली सोनेरी गोळे पुन्हा धरले. कुणाचं नाव आधी, यावर सर बोलले नाहीत. बोलावंसं फार वाटलं होतं.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात ते लॅबमध्ये एकटेच होते. स्वतःची नळी उजेडाला धरून बघितली, ठीक होती. मग सवयीनं मान वळली. त्यांनी स्पृहाचा खण हळूच उघडला आणि तिची नळी काढून आपल्या नळीशेजारी धरली. तिची भरगच्च पांढरी होती, वरपर्यंत चढलेली. सरांची त्या मानानं खुरटी. त्यांच्या पोटात जुनी कळ उठली.

"काय बघताय, सर?" स्पृहा दारात उभी होती.

सरांना नळी लपवायला फ्रिजसुद्धा जवळ नव्हता. "तुझी जास्त वाढलीय," ते म्हणाले.

स्पृहानं जवळ येऊन दोन्ही नळ्यांकडे बघितलं.

"ती तुमचीच आहे, सर."